त्रिकोणांची तोंडं

पोह्यांवर जिरावण मसाला टाकता टाकता धम्मपाल म्हणाला, "आई उद्या नाही येणार म्हणतेय," आणि माझ्या हातातली जलेबी द्रोणात परत पडली. ही काय सांगायची वेळ झाली? शनिवारची सकाळ, इंदूरला भंवरकुआँच्या ठेल्यावर ही गर्दी, पोहेवाला ओरडतोय "भिया, सेव ज्यादा?", मागून एक स्कूटरवाला हॉर्न मारतोय, आणि हा माणूस आमच्या आयुष्याचा निकाल कागदी द्रोण सावरत सांगतोय. मी म्हटलं, "का? तब्येत?" तब्येत उत्तम होती. कांताबाईंची तब्येत नेहमीच उत्तम असते. जवळच्या महू गावातल्या एका शाळेत त्या हेडमिस्ट्रेस होत्या, आणि रिटायर झाल्यावरही त्यांच्या गल्लीतली पोरं त्यांना पाहिलं की शर्ट आत खोचतात. उद्या रविवारी त्या आणि धम्मपालचे वडील किसनराव आमच्याकडे सुदामानगरला यायचे होते, लग्नाचं बोलायला. माझी आई कालपासून चिरोट्यांच्या मागे लागली होती. "तिनं विचारलं, शलाकाच्या घरचे काय म्हणतात," धम्मपाल म्हणाला. "मी म्हटलं, त्यांचं काही नाही म्हणतात. तर म्हणाली, मग मी नाही येत." मी चक्क ओरडलेच, "अरे, पण त्यांचं खरंच काही नाही!" शेजारच्या दोघांनी माना वळवल्या. "हाँ ना," तो म्हणाला, "तेच तर." आणि शांतपणे पोहे खाऊ लागला. या माणसाच्या शांतपणावर मी भाळले होते, आणि त्या क्षणी त्याच शांतपणावर चटणीची वाटी उपडी करावीशी वाटत होती. निघताना एवढंच म्हणाला, "शलाका, तिला राग नाही आला. ती नुसती चूप झाली. मला ती चूप झालेली आवडत नाही."

स्कूटी चालवताना मला ती खोलीची गोष्ट आठवली. पहिल्यांदा महूला गेले तेव्हा कांताबाईंनी मला वांग्याचं भरीत वाढता वाढता सांगितली होती, हसत हसत. त्यांचं लग्न नवं होतं, किसनरावांची बदली इंदूरला झाली होती, आणि दोघं एका मराठी मोहल्ल्यात किरायानं खोली बघायला गेले. मालकीणबाईंनी चहा दिला, गाव विचारलं, आडनाव विचारलं, मग म्हणाल्या, "आमचं काही नाही हो, पण वरचे भाडेकरू जुन्या वळणाचे आहेत." कांताबाई हट्टी, तशाच जिना चढून वर. वरचे म्हणाले, "छे छे, आमचं काय असणार? पण समोरच्या काकूंना चालायचं नाही." समोरच्या काकू म्हणाल्या, "अगंबाई, माझं काही नाही, पण मालकीणबाईंचे देव फार कडक." अशी पूर्ण चक्कर मारून त्या पुन्हा खाली आल्या. "कुणाचंच काही नव्हतं गं," कांताबाई म्हणाल्या, "खोली मात्र मिळाली नाही." आणि मोठ्यानं हसल्या. मीही हसले, आणि भरीत पुन्हा मागून घेतलं. इतकी मजेदार बाई सासू म्हणून मिळतेय याचाच मला आनंद झाला होता. विजयनगरच्या सिग्नलला लाल दिवा लागला आणि मी थांबले. मी तेव्हा नक्की कशाला हसले होते?

ऑफिसात रजत माझी वाटच बघत होता. रजत पक्का इंदौरी, माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि दिवसातून दहा वेळा खुर्ची फिरवत मला वाईट बातम्या देतो. "शलाकाजी, सोफे में बैठने की जगह ही नहीं है." आमचा धंदा असा की फर्निचरच्या दुकानदारानं फोनवर काढलेले फोटो पाठवायचे, आमच्या प्रोग्रामनं त्यावरून वस्तूचा पोकळ आकार तयार करायचा, आणि गिऱ्हाइकानं तो सोफा आपल्या घरात कसा दिसेल ते फोनवर बघायचं. हा आकार सगळा बारक्या बारक्या त्रिकोणांचा असतो, गोधडीसारखे एकाला एक जोडलेले. आजचा सोफा मरून रंगाचा, तिघांचा, हातांना कोरीव लाकूड. पाठ होती, हात होते, पाय होते, आणि बसायच्या जागी मोठमोठी भोकं. दुकानदाराला तो आजच दाखवायचा होता. रजत म्हणाला, "मैंने बोल दिया नया डिज़ाइन है, हवादार." मी हसले. हसू आलं याचंच मला नवल वाटलं.

भोकं खरी नव्हती, हे मला माहीत होतं. त्रिकोण सगळे जागच्या जागी होते. पण प्रत्येक त्रिकोणाला एक तोंड असतं आणि एक पाठ. त्याच्या मधोमध एक काल्पनिक काडी उभी रोवलीय असं समजा. काडी जिकडे, तिकडे तोंड. त्या काडीला आम्ही नॉर्मल म्हणतो. कॉम्प्युटर कामचुकार आहे, तो फक्त आपल्याकडे तोंड करून असलेले त्रिकोण रंगवतो आणि पाठमोऱ्यांना सोडून देतो. त्यामुळे एखाद्यानं आत तोंड केलं की बाहेरून बघणाऱ्याला तिथे भोक दिसतं. त्रिकोण बिचारा तिथेच असतो, आपलं काम करतोय अशा समजुतीत. आमचा प्रोग्राम आकार छान ओळखतो, पण कोणाचं तोंड कुठं याचा त्याला पत्ता नसतो. मग मागून मला ती तोंडं एकसारखी करावी लागतात. रीत सोपी. एक त्रिकोण धरायचा, त्याच्या शेजाऱ्याकडे जायचं, तोंड जुळत नसेल तर त्याला फिरवायचं, मग त्याच्या शेजाऱ्याकडे. शेजारून शेजारी असं करत करत सगळा सोफा. मी ते लावून दिलं, आकडे पळायला लागले, आणि मी फोन घेऊन जिन्यात आले. म्हटलं, आज आमच्या घरचेही शेजारून शेजारी तपासून टाकू. कोणाचं काय आहे ते एकदाचं कळू दे.

आमच्या घरात कुणाचंच कधी काही नसतं. हे समजावून सांगायला हवं, कारण बाहेरच्याला ते खरं वाटत नाही. ताटातली शेवटची बर्फी आमच्याकडे कुणी उचलत नाही. तू घे, नाही तू घे, करत ती फ्रीजमध्ये जाते, तिला बुरशी येते, मग ती फेकायचं आपलं काही नाही पण दुसऱ्याला वाईट वाटेल म्हणून आणखी दोन दिवस राहते. घराला रंग द्यायचा होता तेव्हा बाबा म्हणाले, आई म्हणेल तो. आई म्हणाली, शामभाऊजींना विचारा. शामकाका वरच्या मजल्यावरून म्हणाले, मला काय, सगळे म्हणतील तो. शेवटी पेंटर कंटाळला आणि त्याच्याकडे उरलेला पोपटी लावून गेला. आज अख्खा मोहल्ला आमच्या घराला तोतेवाला मकान म्हणतो. आम्हाला चालतं. लहानपणी मला वाटायचं, आपण किती चांगले लोक आहोत. कुणी कुणावर ओरडत नाही, कुणी हट्ट करत नाही, सगळे एकमेकांचं मन राखतात. खरंच राखतात. रात्री मला ताप आला की तिघंही उठायचे, आणि डॉक्टरला फोन कोणी करायचा यावर तिघं एकमेकांकडे बघायचे. मला त्या तिघांचे ते झोपाळू चेहरे आठवले आणि जिन्यात उभ्या उभ्या भरून आलं. इतकी माया आणि इतका घोळ एकाच घरात!

पहिला फोन बाबांना. माझे बाबा, दिवाकर, रेल्वेतून रिटायर झालेले, आवाज नेहमी मऊ. "बेटा, माझं तर काहीच नाही," ते म्हणाले. "धम्मपाल हिरा आहे. पण तुझ्या आईला आतून जड जातंय, ती बोलत नाही." मग आई. मागे कढईचा आवाज. "मला? अगं मी चिरोटे करतेय, मला जड काय जायचंय? पण शामभाऊजी देवाधर्माचे. त्यांना तोंडावर विचारवत नाही." शामकाका पूजेतून उठून फोनवर आले. "छे! देवाला चालतं, मला काय होतंय? पण ताई आहे ना, तुझी आत्या. तिला सांवेरला सासरच्यांना तोंड दाखवायचंय. तिचा विचार करायला नको का?" मला संताप आला, कारण जिना, समोरच्या काकू, मालकीणबाई, सगळं माझ्या डोळ्यांपुढे एका ओळीत येऊन उभं राहिलं होतं. शब्द तेच होते. आवाजातली मायासुद्धा तीच असणार. त्या मालकीणबाईंनीही चहात आलं घातलं असेल. आणि ही माझीच माणसं होती, ज्यांनी आयुष्यात एका मुंगीला दुखवलं नाही. असं मी कालपर्यंत छातीठोकपणे सांगितलं असतं.

शेवटचा फोन आत्याला. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, सांवेरला सोयाबीनच्या शेतीत नांदलेली. तिच्या बोलण्यात मराठीपेक्षा मालवी जास्त आणि मालवीपेक्षा शिव्या जास्त. "माझं सासर?" ती म्हणाली. "कोण बोलतो? शाम? त्याला म्हणावं, आपला घंटा वाजव. माझ्या सासरच्यांना मी बघते. मला काही नाही." "मग आत्या, आहे कुणाचं?" मी जवळजवळ रडत विचारलं. मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता. मग आत्या म्हणाली, "खरं सांगू? मला वाटलं, तुझंच आहे."

"माझं?"

"हाँ, तुझं. मी आले होते त्या दिवशी जेवताना काय म्हणालीस, आठव जरा. 'तुमची कोणाची हरकत नसेल तर मी धम्मपालशी लग्न करावं म्हणते.' अगं, बाजारातून भेंडी आणायची असली तरी माणूस याहून जोरात बोलतं! मला वाटलं, पोरगी वाट बघतेय, कोणीतरी हरकत घेतली म्हणजे सुटेल. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही गं, आणि तू तर नवरा मागत होतीस."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. फोन कानालाच होता. आत्याचं खोटं आहे असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण अगदी आत, जिथं स्वतःलाही जायला आवडत नाही तिथं, एक बारीकशी वाट पाहणं होतंच. धम्मपाल नको म्हणून नाही, देवाशपथ नाही. तो समोर आला की अजून माझे कान गरम होतात. भीती होती ती पहिलं बोलायची. आमच्या घरात पहिलं कुणी बोलतच नाही. पहिलं बोललं की ते आपलं होतं, मग त्याचं बरंवाईट आपल्याच अंगाला येतं. मी माझं लग्नसुद्धा घरच्यांच्या अंगावर टाकत होते, त्यांची परवानगी मागतेय असं गोड नाव देऊन. मला लाज वाटली. आणि त्या लाजेच्या मागोमाग, का कोण जाणे, खूप हलकं वाटलं. कुणाचंच काही नव्हतं! अख्ख्या घराला मी फेरी मारली होती आणि कुठंही भिंत लागली नव्हती. "आत्या," मी म्हटलं, "तू आत्ताच्या आत्ता बस पकड." तिनं का म्हणून विचारलंही नाही. "आले," म्हणाली.

वर आले तर रजत स्क्रीनसमोर डोक्याला हात लावून उभा. "शलाकाजी, अब तो पूरा सोफा ही गायब है." खरंच. भोकं गेली होती, आणि त्यांच्याबरोबर पाठ, पाय, कोरीव लाकूड, सगळंच. मी खुर्चीत बसले आणि मोठमोठ्यानं हसायला लागले. रजत घाबरला. मी माऊस फिरवून बघणाऱ्याची नजर सोफ्याच्या पोटात नेली, आणि तिथं काय देखणा मरून रंग, चारी बाजूंनी, एकही भोक नाही! सगळे त्रिकोण एकमेकांशी शंभर टक्के जुळले होते आणि झाडून सगळे आत तोंड करून बसले होते. मी सुरुवातीला जो त्रिकोण धरला तोच उलटा निघाला. बाकीच्यांनी बिचाऱ्यांनी फक्त शेजाऱ्याचं बघून केलं. त्यांच्यापैकी एकाचीही चूक दाखवता आली नसती. आमचं घर जेवायला गोल बसतं तसं; एकमेकांची ताटं सगळ्यांना दिसतात, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला नुसत्या पाठी. आत बसलेल्याला कसं कळणार? घर तर छान भरलेलं आहे. आत बसून हे सुटतच नाही. त्यासाठी लांब बाहेर एक बिंदू घ्यावा लागतो, तिथून सोफ्यावर एक सरळ रेघ सोडावी लागते, आणि ती पहिल्यांदा ज्याच्यावर आपटेल त्या एकाच त्रिकोणाला विचारावं लागतं, बाबा रे, तुझं तोंड कुठं? एकाचं कळलं की सगळ्यांचं कळतं. मी रेघ सोडली, उत्तर आलं, सगळे एकदम फिरवले. सोफा परत आला, असा टुमदार की वर उशा ठेवाव्यात. रजत म्हणाला, "क्या बात है!" आणि कचोऱ्या मागवायला धावला. मी कचोरीसाठी थांबले नाही.

घरी सांगितलं, उद्या कांताबाई येणार नाहीत, आज आपण जायचं. आई म्हणाली, "आज? माझं काही नाही, पण यांना विचार." बाबा म्हणाले, "मला चालेल, पण शामला..." मी म्हटलं, "आज कुणीही कुणाला विचारायचं नाही. चपला घाला." आवाज असा निघाला की तिघांनी खरंच चपला घातल्या. आत्या बसस्टँडवरून थेट आली, आणि शामकाकांच्या जुन्या गाडीत आम्ही पाच जण कोंबलो. वाटेतलं राऊ मागे पडलं तसं माझं अवसान ओसरायला लागलं. खिडकीतून ऊन मांडीवर येत होतं, आईचं कोपर बरगडीत रुतत होतं, आणि शेतांमधून कापलेल्या गव्हाचा कोरडा वास येत होता. कांताबाईंनी दारच उघडलं नाही तर? उघडलं, आणि ऐन वेळी माझ्याच तोंडून ते "हरकत नसेल तर" निघालं तर? तीस वर्षांची सवय आहे. बाबा पुढच्या सीटवर ओठ हलवत होते. बोलायच्या वाक्यांची तालीम करत होते बहुतेक. त्यांची मान मागून इतकी बारीक दिसत होती की मला त्यांना मागून मिठी मारावीशी वाटली. मी फक्त त्यांची कॉलर नीट केली.

दार कांताबाईंनीच उघडलं. आम्हा पाचांना पाहून त्यांनी चष्मा वर सरकवला. "या," म्हणाल्या. हसल्या नाहीत. आत बाबासाहेबांची तसबीर, खाली निळ्या काचेच्या भांड्यात ताजी फुलं, आणि खुर्च्यांपेक्षा आम्ही जास्त. किसनराव लगबगीनं पाणी घेऊन आले. धम्मपाल आतल्या दारात टॉवेल खांद्यावर टाकून उभा, तोंडाचा आ केलेला. सगळे बसले. पंखा फिरत राहिला. मग बाबांनी खाकरून घशात आवाज आणला, हात जोडले आणि अतिशय मायेनं म्हणाले, "कांताबाई, आमचं काही नाही हो..."

मी कांताबाईंकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. फक्त त्या तिथून गेल्या. बसल्या जागीच होत्या, आणि गेल्या. पुढे जे येणार ते त्यांना पाठ होतं, आणि ते सभ्यपणे ऐकून घ्यायला त्या तयार बसल्या होत्या.

"बाबा, थांबा," मी म्हटलं. "माझं आहे." माझा आवाज चिरका निघाला, निघू दे. "कांताबाई, मला धम्मपाल हवाय. कुणाची हरकत असली तरी हवाय. माझ्या घरच्यांनी नाही म्हटलं असतं तरी मी इथं आले असते. हे मी आधीच म्हणायला हवं होतं, मी घाबरले. आणि मला तुम्हीही हव्या आहात. मला तुमचा हेवा वाटतो, तुम्हाला एवढं हसता येतं म्हणून."

आतल्या दारात धम्मपालचा टॉवेल खाली पडला. मग आई, जिला मी आयुष्यात कधी स्वतःहून बोलताना पाहिलं नव्हतं, पदर सावरत म्हणाली, "मलाही तो हवाय. पहिल्या दिवशी आला तेव्हापासून. जेवल्यावर स्वतःचं ताट घासून ठेवलं त्यानं, मी रात्री यांना म्हणणार होते, पण राहिलंच." शामकाका म्हणाले, "मला घरात बुद्धिबळाला कुणी नाही. मला हवाय." आत्या म्हणाली, "मला तर हा दिसायलाच पसंत आहे, बाकी मी काही बघत नाही." मग सगळे बाबांकडे वळले. बाबांचे हात अजून जोडलेलेच होते. "मला आनंद झालाय," ते म्हणाले, आणि त्यांचा मऊ आवाज मध्येच फाटला. "मला माझं बोलता येत नाही, म्हणून मी दुसऱ्यांची नावं घेतो. माझा स्वभाव आहे हा, पण तुमचा त्यात अपमान झाला. मला हा जावई हवाय, कांताबाई. मला."

आता नजरा किसनरावांवर गेल्या. ते पाण्याचा ट्रे छातीशी धरून उभे होते. दचकून म्हणाले, "माझं काय, कांता म्हणेल तसं."

"अहो!" कांताबाई कडाडल्या, थेट हेडमिस्ट्रेसच्या आवाजात, आणि आत्या असली फसकन हसली की आम्ही सगळेच सुटलो. किसनरावांनी ट्रे खाली ठेवला, शर्ट ओढून सरळ केला आणि पाढे म्हणणाऱ्या पोरासारखे म्हणाले, "मला पोरगी आवडली. केव्हाच आवडली." मग हसू हळूहळू ओसरलं, कारण एक जण बोलायचं उरलं होतं.

कांताबाईंनी चष्मा काढला. तो पुसत राहिल्या, पुष्कळ वेळ, काच स्वच्छ होती तरी. "मी हो म्हणायला केव्हाची बसलेय गं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "चालेल म्हणणारे लोक मला जन्मभर भेटले. चांगलेच होते सगळे. माझा मुलगा कुणाला तरी हवाय, हे मला एकदा, माझ्या कानांनी, माझ्या घरात बसून ऐकायचं होतं." आई उठली, खोली ओलांडून त्यांच्या शेजारी जाऊन बसली, आणि कुणालाही न विचारता तिनं त्यांचा हात हातात घेतला.